सुपारी फुटल्यावरचा एक्स-रे

सेकंडहँड ट्रेलर घ्यायचा असला की माझा नवरा आधी त्याच्याखाली जाऊन झोपतो. अंगात इस्त्रीचा शर्ट असला तरी फरक पडत नाही. गोणपाट अंथरायचं, हातात टॉर्च घ्यायचा आणि उताणं सरकत आत जायचं. चेसीला कुठे वेल्डिंग मारलंय, कुठल्या पाट्याला तडा गेलाय, सगळं बोटाने चाचपून बघतो. विकणारा वर उभा राहून चहा घ्या, चहा घ्या करत असतो. हा खालून उत्तरही देत नाही. न्हावा शेव्याच्या बंदरावर आमचे तीन ट्रेलर चालतात आणि आजवर एकही रस्त्यात मोडून पडलेला नाही. या खाली झोपण्याचा मला फार अभिमान आहे. म्हणूनच कुत्रा घेताना हाच माणूस जसा वागला ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

कुत्र्यांचं काम माझं. सासऱ्यांचं मिठागर बंदराच्या जागेत गेलं, घरातले पुरुष गाड्यांकडे वळले आणि मी दिवसभर घरात. बंदरातल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी त्यांची काळी लॅब्रेडॉर आमच्या अंगणात आणून सोडली. सासूबाई म्हणाल्या, "बांध तिकडं मागं." मागे बांधलेली ती आठ दिवसांत माझ्या पलंगाखाली झोपायला लागली. आम्ही तिला काळीच म्हणायचो. दोन वर्षांची झाल्यावर पनवेलकडचा एक नर बघून तिला लावून घेतलं. नर कसा बघितला? तर फोटो बघितला. मालकाच्या घरात कुत्र्यांच्या स्पर्धांत जिंकलेले कपाटभर कप होते, ते बघितले. आठ पिल्लं झाली, सगळी गेली, आणि माझ्या हातात लग्नानंतर पहिल्यांदा माझे स्वतःचे पैसे आले. मी त्या दिवशी कोणाला न विचारता स्वतःसाठी चपला घेतल्या.

त्यातलं एक पिल्लू आमच्याच आळीतल्या निवृत्त गुरुजींनी नेलं. वर्षाचं झाल्यावर ते मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखं पळायला लागलं. आम्हाला गंमत वाटली. आणखी सहा महिन्यांनी त्याला उठता येईना. डॉक्टर म्हणाले, खुब्याच्या सांध्याची वाटी उथळ आहे, गोळा तिच्यात बसतच नाही. हे आईबापाकडून येतं. मी काळीचा एक्स-रे काढून घेतला, तिचे खुबे चांगले निघाले. म्हणजे दोष त्या कपवाल्याकडून आला होता.

तेव्हापासून रोज सकाळी गुरुजी त्याला फिरवायला माझ्या फाटकासमोरून जातात. पंचा त्याच्या पोटाखालून घेतलेला, दोन्ही टोकं हातात, आणि मागचं अर्धं कुत्रं उचलून धरलेलं. गुरुजी एका शब्दाने मला कधी बोलले नाहीत. उलट म्हणायचे, "बघा, माहेर आलं की शेपटी हलवतो." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते यायची वेळ झाली की मी दाराच्या आत सरकायचे आणि ते वळणापार जाईपर्यंत तिथेच उभी राहायचे.

म्हणून मी ठरवलं की यापुढे नर आपला घ्यायचा आणि तपासूनच घ्यायचा. तो दोन वर्षांचा तरी झालेला हवा, त्याआधी खुबा नीट कळत नाही. एक्स-रे, मेटिंगमधून लागणाऱ्या रोगासाठी रक्त, गोचीड तापासाठी रक्त, डोळे, कोपरं. नवऱ्याला खर्च सांगितला तेव्हा तो म्हणाला, "एवढ्यात आमच्या आईची तीन बाळंतपणं झाली असती." मी त्याला समजावलं. कुत्र्याची किंमत एकदाच द्यायची असते, पण नर वाईट निघाला तर त्याची पिल्लं दहा-बारा वर्षं लोकांच्या घरात लंगडत राहतात, ते कोण भरून देणार? ट्रेलरखाली तुम्ही झोपता ते कशाला? हे मात्र त्याला पटलं. स्वयंपाकघरात उभं राहून त्याने मला शब्द दिला: आधी एक्स-रे, मगच बोलणी.

मग श्रीवर्धनहून नवऱ्याच्या आत्यांचा फोन आला. आतोबांकडे एक नर आहे, सव्वादोन वर्षांचा, बिस्किटी रंगाचा, घरच्याच कुत्रीचा. कागद नाहीत, पण बघून जा.

आम्ही आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो आणि दुपारच्या आत त्यांच्या वाडीत पोचलो. कुत्रा खरंच देखणा होता. भरदार डोकं, शांत डोळे. आल्या आल्या त्याने माझ्या पायावर हनुवटी टेकली आणि मी तिथेच अर्धी पाघळले. तो उभा होता तोवर काही दिसण्यासारखं नव्हतं. मी माणगावच्या एका डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊन ठेवली होती. एक्स-रे काढायचा, बघायचा आणि मग काय ते ठरवायचं.

पुरुष ओट्यावर बसले, मी आत आत्यांना भाकऱ्या भाजू लागले. मागच्या दाराला पोती टांगलेली होती, पलीकडे खळ्यात सुपारी वाळत होती. एका पोत्याला दोन्ही टोकांना काथ्याच्या कड्या शिवलेल्या होत्या. सुपारीच्या घरात पोत्यांना काय तोटा, म्हणून मी दुसऱ्यांदा बघितलंही नाही. आत्या नेहमी बोलक्या, त्या दिवशी गप्प होत्या. मला वाटलं, कुत्रा जाणार म्हणून वाईट वाटत असेल.

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. तो चाचरत एक्स-रेचं सांगत होता. आतोबा मोठ्याने हसले. "अरे बाला, तुझी आत्या या घरान आली तवा तुझ्या आज्यानं माझा एक्स-रे काढला व्हता काय?" शेजारचे दोघे-तिघे येऊन बसले होते, तेही हसले. नवराही हसला. मग मला अडकित्त्याचा आवाज आला.

आमच्याकडे पूर्वी लग्न ठरलं की चार माणसांत सुपारी फोडायचे. एकदा फुटली की मुलीला मुलगा आवडला नाही म्हणून, हुंड्याचं फिसकटलं म्हणून, कशासाठीही ती मागे घेता येत नसे. ज्याने मोडलं त्याच्या घरी पुढे कोणी सोयरीक करत नसे. आता साखरपुडे हॉलमध्ये होतात आणि सुपारी नावापुरती राहिली आहे, पण जुन्या माणसांच्या हातात अडकित्ता आला की सगळे अजूनही सरळ बसतात. मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर धावले. आतोबा म्हणत होते, "चला, सोयरीक झाली. अर्ध्या किमतीत कुत्रा, आनि पयल्या वेतातला एक पिल्लू माझा." नवऱ्याच्या तोंडात सुपारीचं खांड होतं. माझ्याकडे बघून त्याने चघळणं थांबवलं.

मी काय करणार होते? चार माणसांत, सासरच्या आत्यांच्या दारात, पिठाचे हात घेऊन उभी राहून म्हणू, की सुपारी थुंका? मी आत गेले आणि उरलेल्या भाकऱ्या भाजल्या. दोन करपल्या.

दुसऱ्या दिवशी परतताना माणगावला वळलोच नाही. आतोबांनी दिघीपर्यंत एक माणूस सोबत दिला होता, त्याच्यादेखत कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे सुपारीवर संशय. फेरीबोटीत आमच्या गाडीच्या पुढे टेम्पो, मागे जीप, दोन्ही बाजूंना आरसे घासतील इतक्या जवळ गाड्या. मागच्या सीटवर झोपलेला कुत्रा उठला. आधी पुढचे पाय रोवले, मग मान ताणून स्वतःला पुढे खेचलं आणि मागचे दोन्ही पाय एकत्र, सशासारखे, उचलून घेतले. गुरुजींचं पिल्लू वर्षाचं असताना असंच पाय उचलायचं. मला एक्स-रे लागलाच नाही.

"गाडी वळवा," मी म्हणाले.

"कुठं वळवू? पाण्यात?" नवरा म्हणाला. मग आरशातून कुत्र्याकडे बघून, "बसून बसून पाय आखडले असतील."

बोटीची फळी वर उचलली गेली होती. मी दार उघडायला गेले, ते वीतभर उघडून शेजारच्या गाडीला लागलं. खाडी ओलांडेपर्यंत मी त्या वीतभर फटीतून पाणी बघत बसले. मला रडू येत होतं आणि रडायलासुद्धा जागा नव्हती, कारण पुढच्या टेम्पोतली बाई आमच्या काचेतून कुत्र्याला हात करत होती.

एक्स-रे नवी मुंबईत काढला. गुंगीचं इंजेक्शन देऊन त्याला उताणा ठेवला, मागचे पाय सरळ ताणले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि त्या काही बोलायच्या आत नवरा पुढे झाला. ट्रेलरखाली बघतो तसाच त्याने बघितला. डाव्या खुब्याच्या गोळ्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा बाहेर आहे." डॉक्टर म्हणाल्या, "बरोबर. उजवाही फार बरा नाही. वजन वाढू देऊ नका, पोहायला न्या, प्रेमाने सांभाळा. पण याच्यापासून पिल्लं घेऊ नका." गाडीत बसल्यावर मी वाट बघत होते. पुलावर नवरा म्हणाला, "पण सुपारी फुटलीय."

त्याचं बरोबर होतं, हेच तर वाईट होतं. नुसता कुत्रा ठेवून घेऊन भागणार नव्हतं. व्यवहारात पिल्लू होतं. पिल्लू द्यायचं तर त्याचं वेत हवं, आणि वेत हवं तर काळी होतीच. दर दोन-चार दिवसांनी आतोबांचा फोन यायचा, "मंग, पिल्लू कवा?" नवरा अंगणात जाऊन बोलायचा. सासूबाईंना एक्स-रे हा प्रकारच मान्य नव्हता. "मिठागरावर एवढी कुत्री झाली, कुनी त्यांच्या हाडांचे फोटो काढले?" त्या विचारायच्या.

दिवाळी झाल्यावर काळी माजावर आली.

ज्यांनी एका घरात माजावर आलेली कुत्री आणि नर ठेवलेला नाही त्यांना मी काय सांगू. आमचं घर तीन खोल्यांचं. काळी मागच्या खोलीत, तो पुढे, मध्ये मी. मागच्या खोलीला कुलूप लावलं आणि चावी मंगळसूत्रात ओवून गळ्यात घातली. तो दाराखालच्या फटीला नाक लावून दिवसभर हुंदके द्यायचा, आतून ती दार ओरबाडायची. मी दोघांच्यामध्ये स्टूल टाकून बसायचे. भाजीसुद्धा तिथेच निवडली. घरातल्या प्रत्येकाला ते दार उघडलेलं हवं होतं, माझ्याशिवाय. न्हाणीघरात गेले तरी चावी गळ्यात. माझ्या चुलत नणंदेची हळद शेजारच्या गावात होती. आमच्यात लग्नाला एक वेळ गेलं नाही तर चालतं, हळदीला न जाऊन चालत नाही. मी गेले नाही. डीजेचा आवाज खाजण ओलांडून येत होता, सगळं घर नटून तिकडे गेलं होतं आणि मी एका कुत्रीची शेपटी राखत बसले होते.

नवऱ्याने एकदाच विचारलं. "एकच वेत. आतोबांना एक देऊ. बाकीची नाही विकायची, घरात ठेवू. मग तू म्हणशील तसं."

मी लगेच नाही म्हणाले असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी दोन दिवस हिशेब करत होते. काळीचे खुबे चांगले आहेत, म्हणजे अर्धी पिल्लं तरी बरी निघतील. आतोबांना बरं निघेल ते देऊ. पण लहानपणी सगळीच बरी दिसतात. गुरुजींचंही दिसलं होतं. आणि बाकी अर्धी? दोन दिवस मी गळ्यातली चावी बोटांनी फिरवत होते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पंचा धरून फाटकासमोरून गेले. दुपारी आत्यांचा फोन आला. पिल्लाचं विचारायला असणार, असं धरून मी एकदम फुटले. "आत्याबाई, त्याला नीट उठता येत नाही हो," मी म्हणाले आणि ओक्साबोक्शी रडले. मग त्या म्हणाल्या, "मी सांगते त्यांना," आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी आतोबा हजर. हातात कापडी पिशवी. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि लगेच सुरू झाल्या, "बघा, सून दार उघडत न्हाय. तुमच्या शब्दाची लाज हाय का न्हाय कुनाला?" कुत्रा आतोबांचा वास ओळखून उठला. म्हणजे उठायला लागला. पुढचे पाय, मान, आणि मग ते दोन्ही मागचे. फरशीवर एकदा घसरला. आतोबा बघत होते. मी कपाटातून फिल्म आणली आणि खिडकीच्या उजेडात धरली. त्या दिवशी मी सुपारीला घाबरणार नव्हते.

"ती नको दाखवू," ते म्हणाले. "मला ठाव हाय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"ह्याची आई अशीच व्हती. शेवटचा दीड वरीस मी तिला उचलत व्हतो. वाडीन न्यायचा, आनायचा. माझी कंबर गेली. मंग ह्यो पन तसाच उठायला लागला." ते कुत्र्याच्या कानामागे खाजवत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "मी आता सत्तरीचा. ह्याला कोन उचलनार? तुमच्याकडं गाडी हाय, डाक्तर हाय, मानसा हायत. चांगल्या घरी पडावा वाटला."

"मग सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. सासूबाई दचकल्या.

"सांगितला असता तर नेला असता?"

नसताच नेला.

"आणि पिल्लू? सारखे फोन करून पिल्लू मागत होतात ते?"

"पिल्लू मागितला न्हाय तर मानसाला वाटतो, कायतरी खोट हाय. मागितला की भरोसा बसतो." ते हळूच म्हणाले, "मला पिल्लू नकोच व्हता, पोरी. मी कुटं पिल्लाच्या मागं पळनार?"

मी स्टुलावर बसले. बारा दिवस चावी गळ्यात घालून, हळद सोडून, नवऱ्याशी अबोला धरून मी ज्या पिल्लाची वाट अडवत होते ते कोणालाच नको होतं. माझा संताप झाला आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. हा माणूस खोटं बोलला होता. पण लबाडी तरी कसली? मुलीचा बाप तिची फिट लपवून चांगलं घर गाठतो तसली. किंमत अर्धी का लावली तेही आता कळलं.

आतोबांनी पिशवीतून पोतं काढलं. दोन्ही टोकांना काथ्याच्या कड्या. मी ते लगेच ओळखलं. मागच्या दाराला टांगलेलं होतं, मी त्याच्या शेजारी तासभर भाकऱ्या भाजल्या होत्या. आत्या शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांना इतकंच विचारायचं होतं, की याची आई कशाने गेली? एवढ्या तपासण्यांची नावं मला पाठ होती, आणि हे एक विचारायचं राहिलं.

"ठेव. लागंल," आतोबा म्हणाले. आणि कसं वापरायचं ते दाखवलं. "पोटाखाली न्हाय घालायचा. मागं, कंबरेच्या खाली. पोटाला धरला की त्याला मुतायला व्हत न्हाय."

नवऱ्याने त्यांना एसटीवर सोडलं. परत येऊन त्याने माझ्या गळ्यातल्या चावीकडे बघितलं आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःच कुत्र्याला नसबंदीच्या ऑपरेशनला घेऊन गेला. पिल्लांचा प्रश्न तिथे संपला. गावात मात्र आम्ही कोणालाच खरं सांगू शकत नाही. सांगितलं तर आतोबांचं नाव जातं. त्यामुळे सगळ्यांच्या लेखी मी एवढा देखणा नर फुकट घालवणारी बाई आहे. "ताई, आमच्या कुत्रीला द्या ना एकदा," म्हणून अजून लोक येतात. ऑपरेशनचं सांगितलं तर ते का केलं हेही सांगावं लागेल, म्हणून मी म्हणते, आम्ही देत नाही. जाताना ते काय म्हणतात ते मला ऐकू येतं.

आतोबांना एसटीवर सोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दाराआड सरकले नाही. पोतं घेऊन फाटकाबाहेर गेले आणि गुरुजींना थांबवलं. पंचा सोडला, पोतं कंबरेखालून घातलं, कड्या त्यांच्या हातात दिल्या. कुत्रं चार पावलं चाललं आणि थांबून रस्त्याच्या कडेला बराच वेळ मुतलं. गुरुजींचे डोळे भरून आले. "हे कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सासरी.

ते पोतं मी त्यांनाच दिलं. त्याच मापाचं दुसरं शिवून मागच्या दाराला टांगून ठेवलंय. रोज सकाळी तो उठायला लागला की मी हातातलं काम थांबवते. पुढचे पाय, मान, मग मागचे. अजून त्याचा तो उठतो.